अर्दलानची बायको

"तिचा नवरा अजून वाहतोय," रजबअली म्हणाले. "वाहत्या नवऱ्याच्या बायकोला मागणी घालायची रीत शूरदश्त तालुक्यात कधीपासून सुरू झाली, एवढं उस्तादांनी मला सांगावं."

उस्ताद खुदादाद दाराजवळ, सगळ्यात खालच्या जागी, गुडघे मुडपून बसले होते. त्यांच्या मांडीवर निळ्या कागदात गुंडाळलेला साखरेचा सुळका होता. कुणी तान्हं मूल क्षणभर धरायला द्यावं आणि परत न्यायला येऊच नये, तसा तो त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता.

असा सुळका घेऊन माणूस दारात आला की तो कशासाठी आलाय, हे नमकसरमध्ये पोराटोरांनाही कळतं. फक्त या वेळी मुलगी अडुसष्ट वर्षांची होती आणि मागणी घालणारा त्र्याहत्तरचा. शिवाय मुलीला एक नवरा होता. नाव अर्दलान, लांबी साडेनऊ किलोमीटर.

रजबअलींची धाकटी मुलगी गीती कोपऱ्यात मांडीवर वही घेऊन बसली होती. तिच्या वहीत हा नवरा असा नोंदलेला होता: "अर्दलान. नमकसरचा एकमेव कारेझ. डोंगराच्या पायथ्याशी बासष्ट मीटर खोल मुख्य विहीर. तिथून जमिनीखालून अगदी हलक्या उतारानं खोदत आणलेला बोगदा. वर दोनशे सदतीस हवाविहिरी. गावापाशी पाणी आपोआप उघड्यावर येतं. पाच वर्षांपूर्वी सेकंदाला बावीस लिटर. आज नऊ." तालुका कचेरीनं तिला 'शूरदश्त तालुका: भूगोल आणि इतिहास' नावाची पुस्तिका लिहायला सांगितली होती. भूगर्भशास्त्राची पदवी घेऊन घरी बसलेली मुलगी तालुक्यात दुसरी नव्हतीच. भूगोल तिनं तीन आठवड्यांत उरकला. इतिहासाशी आली आणि अडली, कारण इतिहासातली अर्धी माणसं तिच्याच घरात चहा पीत होती आणि एकही गोष्ट दोघं जण सारखी सांगत नव्हते.

ही बैठक खरं म्हणजे घरी व्हायला हवी होती. पण आज रजबअलींची पाळी होती. ते नमकसरचे मीराब, म्हणजे कुणाच्या शेताला किती वेळ पाणी जायचं ते ठरवणारे. पाळीच्या दिवशी ते पाटाशेजारची ही मातीची खोली सोडत नसत. समोर पाण्यानं भरलेली मोठी परात, तिच्यावर तरंगणारं तांब्याचं घटिकापात्र. तळाच्या बारीक भोकातून पाणी आत येतं, पात्र भरतं, टण्ण करून परातीच्या बुडाशी टेकतं. मग रजबअली ते उचलून रिकामं करायचे, एक खडा बाजूला ठेवायचे आणि पात्र पुन्हा पाण्यावर सोडायचे. आठ मिनिटं चाळीस सेकंद. गीतीनं मोजलं होतं. "घड्याळाला पाण्यातलं काय कळतं?" असं म्हणत त्यांनी पंचावन्न वर्षांत मनगटाला घड्याळ बांधलं नव्हतं.

"उस्ताद, मागणी घालायला वडीलधारी माणसं येतात," गीतीची आई मलेके म्हणाली. तिच्या आवाजात गोडवा होता आणि गोडव्याच्या आत सुई. "तुम्ही एकटेच आलात."

"माझी वडीलधारी सगळी कबरस्तानात आहेत, मलेकेबीबी. येताना सलाम करून आलो. कुणी नाही म्हणालं नाही."

मलेकेनं ओढणीचं टोक तोंडापाशी नेलं. ती हसली, असं कुणी म्हणू नये म्हणून.

तेवढ्यात खावर आत्या चहाचं तबक घेऊन आत आली. मुलगी पाहायला आलेल्यांना चहा मुलीनंच द्यायचा असतो. आत्याचा उजवा गुडघा दोन वर्षांपासून वाकत नव्हता, त्यामुळे तबक एका अंगाला कलत होतं आणि पेले एकमेकांवर किणकिणत होते. मुनीर, तिचा एकुलता एक मुलगा, उठायला लागला.

"बस खाली," आत्या म्हणाली. "माझ्या मागणीचा चहा तू देणार?"

मुनीर बसला. कालपासून त्याचा चेहरा उतरलेला होता. यझद शहरातून आईला न्यायला म्हणून तो गाडी घेऊन आला होता आणि इथे आल्यावर त्याला कळलं, की आईला न्यायला आणखी एक जण येणार आहे.

"आई, माझ्याकडे काय कमी आहे?" तो म्हणाला. "चौथा मजला आहे, पण लिफ्ट आहे. तुला एक पायरी चढायला नको."

"आणि लिफ्टनं खाली आल्यावर काय करू?"

"काय करू म्हणजे?"

"खाली कोण आहे माझं? पुन्हा वर जाऊ?"

पात्र टण्ण वाजलं. रजबअलींनी ते उपसलं, खडा ठेवला आणि न वळता म्हणाले, "यझदलाही नाही आणि उस्तादांकडेही नाही. खावर कुठेच जाणार नाही. पाणी निम्म्यावर आलंय. लोक काय म्हणतात माहितेय? बायको म्हातारी झाली, गुडघ्याचं निमित्त करून शुक्रवार चुकवायला लागली, म्हणून अर्दलान रुसला. अशात तिनं दुसरं लग्न केलं, तर माझ्या दारावर दगड पडतील."

"बाबा, तो रुसला-बिसला नाहीये," गीतीला राहवलं नाही. "तलखरूद गावाच्या वरच्या अंगाला पिस्त्याच्या बागा झाल्यात ना, तिथे एकतीस मोटारी बसल्यात. मी स्वतः मोजल्या. त्या खालून पाणी ओढतात. पाण्याला कळत नाही कोण कुणाची बायको ते."

मग आत्या म्हणाली, "तू किती वेळा उतरलीस ग त्याच्यात?"

"मी मोजते, आत्या. उतरत नाही."

"मग मोज."

आत्या चिडून बोलली नव्हती. तिनं पेला गीतीसमोर ठेवला आणि जाता जाता तिच्या डोक्यावरून हात फिरवला. तरी गीतीचे कान तापले. आत्याच्याच बाजूनं बोलायला गेले आणि आत्यानंच गप्प केलं.

"मोटारी," रजबअली परातीकडे पाहत म्हणाले. "तुझ्या पुस्तकात देहनौ आहे का?"

"आहे. 'देहनौ, नमकसरपासून बेचाळीस किलोमीटर ईशान्येस. कारेझ आटल्यामुळे ओसाड.'"

"एवढंच?"

"तेवढंच ठाऊक आहे मला."

"मी सहा वर्षांचा होतो. ही तीनची, आईच्या पाठीवर. देहनौचा कारेझ आटला तेव्हा तिथे मोटार काय, सायकलसुद्धा नव्हती." त्यांचा आवाज खाली आला. "या मुलखात लाकूड कुठून मिळणार? घर सोडायचं म्हणजे भिंती सोडायच्या आणि दार घेऊन जायचं. बापानं दार बिजागरीतून काढलं आणि पाठीवर बांधलं. दोन दिवस मी त्या दारामागून चाललो. पुढे वाळवंट आहे की गाव, मला दिसत नव्हतं. दिसायचं ते नुसतं दार. चाळीस घरांची चाळीस दारं चालत होती, गीती. ते लिही तुझ्या भूगोलात."

ते दार आता आत्याच्या घराला होतं. गीती लहानपणापासून त्याच्या कड्या वाजवत आली होती. पुरुषांची जाड कडी वेगळी, बायकांची गोल कडी वेगळी. ते कुठून आलं, हे तिला ठाऊक होतं. पण ते एका सहा वर्षांच्या मुलाच्या पुढून चालत आलं होतं, हे तिच्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

"अर्दलान आटला तर नमकसरची दारं निघतील," रजबअली म्हणाले. "माझ्या पाळीत नाही निघू देणार."

मलेके आता नवऱ्याच्या बाजूला सरकली. "हाजी बरोबर बोलतात. खावर, या वयात तुला लग्न कशाला हवंय? तुझा गहू चालू आहे. एक्केचाळीस वर्षं प्रत्येक घरानं सुगीला तुझं माप वेगळं काढलंय. आधी तुझं, मग मशिदीचं. असा मान तालुक्यात कुठल्या बाईला आहे?"

"मान आहे," आत्या म्हणाली. "पण मान माझ्याबरोबर चहा पीत नाही."

एक्केचाळीस वर्षांपूर्वी सलग तीन हिवाळे डोंगरावर बर्फ पडला नव्हता. अर्दलान करंगळीएवढा झाला. तेव्हा जाणत्यांनी जुना उपाय काढला: कारेझ पुरुष असेल तर त्याचं लग्न लावायचं. बायको विधवा हवी. तिनं हिवाळ्यातल्या प्रत्येक शुक्रवारी बारवेत उतरून त्याच्या पाण्यात अंघोळ करायची आणि दुसरा नवरा करायचा नाही. बदल्यात गावानं तिला जन्मभर पोसायचं. खावर तेव्हा सत्तावीस वर्षांची होती. तिचा नवरा सैफुल्ला कारेझ खोदणारा. आदल्या वर्षी एका हवाविहिरीत माती ढासळून गेला. पदरात तीन वर्षांचा मुनीर. मुल्लानं बारवेच्या तोंडाशी उभं राहून अर्दलानला तीनदा विचारलं, कबूल आहे का. पाणी वाहत राहिलं. तोच होकार धरला.

आणि पुढच्याच वर्षी पाणी वाढलं. त्या हिवाळ्यात डोंगरावर कमरेएवढा बर्फ पडला होता, हे गीतीनं हवामानखात्याच्या जुन्या कागदांतून शोधून काढलं होतं. तो आकडा तिच्या वहीत होता. आज तो वाचून दाखवावा, असं तिला वाटेना.

"मीराब," उस्ताद खुदादाद म्हणाले. खोलीत आल्यापासून ते पहिल्यांदाच आपणहून बोलत होते. "मला एक वाटीभर वेळ द्या. पाणी नको, नुसता वेळ."

रजबअलींनी पात्र उपसलं आणि पाण्यावर सोडलं. "घ्या."

गीतीनं सवयीनं गळ्यातल्या घड्याळाची कळ दाबली. पाणी मोजताना काडी सोडली की ती असंच करायची. बोट आपोआप जायचं.

"कारेझ पुरुष की बाई, हे कसं ठरवतात, ते तुम्हाला ठाऊक आहे," उस्ताद म्हणाले. "खोदणारा आत उतरतो. पुरुषाचं पाणी दगडावर थापड मारतं, अंगाला लागलं की झोंबतं, बोगद्यात घुमतं. बाईचं पाणी कडेकडेनं जातं. थंडीत हात घातला तर कोमट लागतं. त्या वर्षी जाणत्यांनी मला उतरवलं. पांढरे कपडे घातले, नमाज पढलो, दिवा घेतला आणि चौदाव्या विहिरीतून खाली गेलो. पाण्यात कोपरापर्यंत हात घातला." ते थांबले. सुळक्याचा निळा कागद त्यांच्या बोटांखाली चुरचुरला. "वर आलो आणि म्हणालो, पुरुष आहे."

"मग?" रजबअली म्हणाले.

"बाई होती."

बाहेर पाटाचं पाणी वाहत होतं, तेवढाच आवाज.

"अर्दलान बाई आहे, मीराब. मी तिच्या पोटात बावन्न वर्षं उतरतोय. तेव्हाही बाईच होती. मी खोटं बोललो. खोदणारा वरती हजारदा खोटं बोलेल, पण पाण्याबद्दल बोलत नाही. आमचे कपडे पांढरे का असतात? माती ढासळली तर तेच कफन. कफन घालून कोण खोटं बोलतं? मी बोललो."

"का?" हा प्रश्न मुनीरनं विचारला.

उस्तादांनी त्याच्याकडे पाहिलं. "तुझा बाप खाली होता तेव्हा वर रहाटावर मी होतो. दोर माझ्या हातात होता. तो ढिला पडला, तेव्हा मला कळलं. त्यानंतर चाळीस दिवसही झाले नव्हते आणि तुझे काका तलखरूदहून आले. वहिनीला आमच्या घरातल्या घरात देणार, म्हणाले. तुझा मधला काका तुला आठवतो का?"

"आठवतो." मुनीरनं डाव्या कानाला हात लावला. त्या कानानं त्याला कमी ऐकू यायचं.

"एका दुपारपुरतं तुला तिकडे नेलं होतं. त्या दुपारचं आहे ते. तुझी आई कुणाच्या घरात दिली जाऊ नये, असं मला वाटत होतं. मला दोन मुलं, बायको. मी काय करणार? तिच्या भावाला तरी सासरच्यांपुढे कुठला हक्क होता? पण कारेझच्या बायकोला कुणी मागू शकत नाही. दीरसुद्धा नाही. तिला तिचा गहू, तिचं घर. म्हणून मी तिचं लग्न लावून दिलं." मग अगदी हळू, "तेव्हा मला कळलं नाही, की ती मलाही कधी मागता येणार नाही. माझी बायको गेली त्या वर्षी कळलं."

रजबअलींचा चेहरा लाल झाला होता. "एक्केचाळीस हिवाळे! दै महिन्यात, ऐन थंडीत, परातीतलं पाणी गोठतं, इथे, खोलीत! आणि माझी बहीण तुमच्या एका खोट्यापायी त्या बारवेत उतरत राहिली!"

"दादा," आत्या म्हणाली.

"तू मध्ये बोलू नकोस! या माणसानं तुला—"

"दादा, मला ठाऊक होतं."

रजबअली वळले. एवढ्या बैठकीत त्यांनी पहिल्यांदाच परातीकडे पाठ केली.

"पहिल्याच हिवाळ्यात कळलं," आत्या म्हणाली. तबक अजून तिच्या हातात होतं. ते तिनं खाली ठेवलं आणि भिंतीला टेकून हळूच बसली, आखडलेला पाय पुढे पसरून. "बाहेर सगळं गोठलेलं आणि आत पाणी कोमट. झोंबणं नाही, काही नाही. बहिणीशेजारी निजावं तसं. मी काय एवढी खुळी आहे? दोन माणसांनी मला पाण्यात सोबत केली. एकीला मी अंघोळ करताना सगळं सांगायची, ती अर्दलान. दुसरा..." ती थांबली. "बारवेच्या पायऱ्यांवर बर्फ धरायचा. पण शुक्रवारी सकाळी जाऊन बघावं तर त्याच्यावर राख पसरलेली असायची. चाळणीनं चाळून, एकसारखी, तळापर्यंत. पाय घसरू नये म्हणून. एक्केचाळीस वर्षांत एकदाही चुकली नाही."

"ती तू नाही पसरायचीस?" रजबअलींनी विचारलं.

"आधी मला वाटायचं, तूच कुणाला तरी सांगून ठेवलंयस."

दोघांनीही उस्तादांकडे पाहिलं. उस्ताद साखरेच्या सुळक्याकडे बघत होते.

मग रजबअली जे बोलले ते कुणाला अपेक्षित नव्हतं. त्यांना स्वतःलाही नसावं. "तू मला सांगितलं नाहीस. दर शुक्रवारी मी तिथे असायचो. टॉवेल खांद्यावर टाकून, बारवेच्या तोंडाशी, पाठ करून. तू आत, मी बाहेर. जगातल्या सगळ्या गोष्टी बोललो आपण. आईचं दुखणं, मुनीरची शाळा, गीती झाली तेव्हा मलेकेचे हाल. आणि एवढी एक गोष्ट नाही सांगितलीस?"

"सांगितली असती," आत्या म्हणाली, "तर पुढच्या शुक्रवारी तू आला असतास?"

गीतीनं वडिलांकडे पाहिलं आणि तिला समजलं. दगड, लोक, दारं हे सगळं खरंच होतं. पण त्यांच्या मागे टॉवेल खांद्यावर टाकलेला एक माणूस होता. आठवडाभर तो सगळ्या गावाचं पाणी तोलून मापून वाटायचा आणि हिवाळ्यातल्या शुक्रवारी तासभर बहिणीशी बोलायचा. आत्या उस्तादांच्या घरी गेली असती तर दोन गल्ल्याच पलीकडे. गहाळ झाले असते ते शुक्रवार.

"मग आता कळलं का?" मलेके एकदम म्हणाली. ती कधी सरकली कुणास ठाऊक, पण आता ती आत्याशेजारी बसली होती. "अर्दलान बाई. बाईला नवरा लागतो. आणि बावन्न वर्षं तिच्याकडे जातंय कोण? हे आपले उस्ताद! म्हणजे खावर, तू लग्न करून सवतीवर चाललीस ग!"

आधी मुनीर हसला. मग आत्या, तोंडावर हात घेऊन, पुढे वाकून, इतकी की तिचा दुखरा गुडघा हलला आणि ती "आई ग" म्हणाली, तरी हसतच राहिली. उस्तादांचे खांदे हलत होते. रजबअलींनी फार प्रयत्न केला.

तेवढ्यात दारातून एक घोगरा आवाज आला. "मीराब! वाटी बुडाली की नाही?"

नादअली होता, पुढच्या पाळीचा शेतकरी, खांद्यावर फावडं.

रजबअलींनी परातीकडे पाहिलं. पात्र बुडाशी शांत पडलं होतं. ते कधी वाजलं, कुणी ऐकलं नव्हतं. पंचावन्न वर्षांत हे कधी घडलं नव्हतं, आणि ते घडलंय हे समजायलाही त्यांना क्षणभर लागला.

"बुडाली," ते म्हणाले. "किती वेळ झाला, ते..." खोटं सांगणं सोपं होतं. खोलीत एक खोटं नुकतंच उघडं पडलं होतं, ते अजून हवेत होतं. "ठाऊक नाही मला, नादअली."

"अठरा मिनिटं," गीती म्हणाली. गळ्यातलं घड्याळ तिनं पुढे धरलं. "उस्ताद बोलायला लागले, तेव्हा तुम्ही पात्र सोडलंत. तेव्हापासून चालू आहे. म्हणजे नादअलीकाकांची नऊ मिनिटं वीस सेकंद गेली."

रजबअलींनी घड्याळ हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेलं, आकडे पळताना पाहिले. मग एक खडा उचलून वेगळा ठेवला. "नऊ मिनिटं वीस सेकंद तुझी, नादअली. वर आणखी एक वाटी माझ्या हिश्श्यातली."

"तुमच्या हिश्श्यातली कशाला?"

"आमच्याकडे मागणी आलीय. तोंड गोड कर."

खोलीतला प्रत्येक जण त्यांच्याकडे बघायला लागला. रजबअली उठले, दाराशी गेले आणि उस्तादांच्या मांडीवरून सुळका उचलला. हातोडी नव्हती. त्यांनी घटिकापात्र उचललं, पाणी झटकलं आणि त्याच्या कडेनं सुळक्याच्या टोकावर एक घाव घातला. पांढरे खडे सतरंजीवर उडाले.

"लग्न झालंच नव्हतं, तर तलाक कसला," ते खडे गोळा करत पुटपुटले. "मुल्लाला मी बघतो. लोकांना मी बघतो. आणि पाणी... पाणी गीती बघेल. त्या एकतीस मोटारींचा कागद करून दे मला. तालुक्याला घेऊन जाईन." मग पहिला खडा त्यांनी मुनीरसमोर धरला. "तू मुलगा आहेस. आधी तू सांग."

मुनीरनं खडा घेतला नाही. तो उस्तादांजवळ गेला. "उस्ताद, दोर ढिला पडला तेव्हा," तो म्हणाला, "बाबा काही बोलले होते का? आधी?"

"गात होता," उस्ताद म्हणाले. "तुझा बाप खाली नेहमी गायचा. सूर मात्र कधी लागला नाही."

मुनीरनं मान हलवली. मग त्यानं मामाच्या हातातली साखर तोंडात टाकली आणि वरून गार झालेला चहा एका घोटात प्यायला.

लग्न मंगळवारी साधेपणानं झालं. गावात बोलणं झालंच. पण नादअलीनं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, की मीराबनं स्वतःच्या तोंडानं चूक कबूल केली आणि स्वतःच्या हिश्श्याचं पाणी दिलं. असा माणूस पाण्याबद्दल खोटं बोलणार नाही, असं ठरलं. शिवाय बायकांना ही नवी गोष्ट जुनीपेक्षा जास्त आवडली.

शुक्रवारी सकाळी गीती बारवेच्या खालच्या अंगाला पाट मोजत होती. दहा मीटरच्या सरळ टप्प्यात तिनं काडी सोडली. दुसऱ्यांदा सोडली. नऊ पॉइंट एक लिटर. तिनं आकडा लिहिला आणि मान वर केली.

वडील येत होते. खांद्यावर टॉवेल.

ते बारवेच्या तोंडाशी आले, पायऱ्यांवरच्या ताज्या राखेकडे पाहिलं आणि नेहमीच्या दगडावर, नेहमीसारखी पाठ करून बसले. गीतीला वाटलं, हाक मारावी, सांगावं, बाबा, आता कुणी येणार नाही. पण तेवढ्यात आतूनच आवाज आला. आत्या आधीच खाली होती.

"आलास?"

"सवय," रजबअली म्हणाले. "तू कशाला आलीस? आता तुला काही करायचं नाहीये."

"पाय सोडून बसलेय. गुडघ्याला बरं वाटतं. आणि तिला सांगायला नको का, की मी कुठे गेले ते?"

"काय म्हणाली?"

"हसली."

मग रजबअली गव्हाबद्दल काहीतरी बोलले, मलेकेच्या दाताबद्दल बोलले, गीतीच्या पुस्तकात देहनौवर आता अडीच पानं झालीत, असं म्हणाले. ते समोरच्या उघड्या वाळवंटाला उद्देशून बोलत होते, एक्केचाळीस वर्षं बोलत आले तसं.

"दादा," आत्या आतून म्हणाली. "मी कपडे घालून बसलेय."

"बरं."

"नुसते पाय पाण्यात आहेत."

"ऐकलं मी."

"मग आता वळ की."

रजबअलींनी टॉवेल खांद्यावरून काढला, त्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. मग दगडाला एका हातानं धरून ते हळूहळू वळले. खाली बारवेच्या छतावर पाण्याचा उजेड हलत होता, जाळीसारखा, आत्याच्या तोंडावरून, तिच्या पांढऱ्या केसांवरून, मातीच्या कमानीवरून.

"हे असं असतं इथे?" ते म्हणाले.

"नेहमीच," आत्या म्हणाली आणि थोडी बाजूला सरकून तिनं पायरीवर त्यांच्यासाठी जागा केली.